अधिक खोडून उणे

माझ्या पाठीमागे विभागातली मुलं मला ‘पुन्हाबाई’ म्हणतात. मला ते ठाऊक नाही असा त्यांचा समज आहे. कोणीही आकडा घेऊन दारात उभं राहिलं की मी मान वर न करता “पुन्हा मोज” म्हणते, म्हणून हे नाव. मोजमाप अभियांत्रिकी शिकवणाऱ्या बाईनं दुसरं काय म्हणायचं? “वा, क्या बात है” म्हणायला मी काही गाण्याच्या स्पर्धेची परीक्षक नाही.

त्या सोमवारी दारात उभी होती ती माझी पीएचडीची विद्यार्थिनी. तिचंही बारसं विभागानं केलेलं आहे, ‘अधिकउणे’. ही मुलगी कुठलाच आकडा शेपटाशिवाय सांगत नाही. उद्या किती वाजता येतेस विचारलं तर “साडेदहा, अधिकउणे पाच मिनिटं.” चहात साखर किती, तर “दीड चमचा, अधिकउणे पाव.” मला ती मनापासून आवडते, आणि आवडते म्हणूनच मी सगळ्यात जास्त तिच्यावर खेकसते. मीही असाच ओरडा खाऊन मोठी झाले आणि माझं काही बिघडलं नाही, असं मी तेव्हा समजत होते.

“मॅडम, अकरा पॉइंट छत्तीस,” ती म्हणाली. “अधिकउणे दोन शतांश.”

माझं पेन थांबलं. पन्नास यायला हवे होते.

हे जरा सोडवून सांगते. एक मिश्रधातू आहे. त्याच्यापासून अचूक मापाचे दांडे आणि ठोकळे बनतात, आणि कारखान्यांत बाकीची मापं त्यांच्यावरून तपासतात. धातू तापला की वाढतो हे शाळेतलं पोरही सांगेल. पण मीटरभराचा दांडा एका अंशानं तापला तर नेमका किती वाढतो, हे सांगायला आमच्यासारखे रिकामटेकडे लागतात. अठरा वर्षांपूर्वी मी ते मोजलं होतं. अकरा पॉइंट पन्नास मायक्रॉन; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो आकडा संदर्भपुस्तिकेत गेला. विभागात आम्ही पहिले ‘अकरा’ बोलतही नाही, नुसतं ‘पन्नास’ म्हणतो, आणि पन्नास म्हणजे मी. माझी नोकरी, बढती, मला आलेली व्याख्यानांची बोलावणी, सगळं त्या एका आकड्याच्या खांद्यावर बसून आलेलं आहे.

आणि गुरुवारी सकाळी अकरा वाजता माझी प्रोफेसरपदाची मुलाखत होती. आधी दोनदा डावललं गेलं होतं. आता नाही तर कधीच नाही, कारण पुढची जागा रिकामी होईल तेव्हा मीही निवृत्तीच्या पिशव्या भरत असेन. अर्जाच्या पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, पन्नास होता.

अधिकउणेचं काम खरं तर पुढचं होतं. तिनं लेझरनं लांबी मोजायची नवी पद्धत बसवली होती. पण पद्धत नीट चालते हे सिद्ध करायला पहिल्या प्रकरणात तिनं आधी माझा पन्नास काढून दाखवायचा, असं मीच ठरवून दिलं होतं. प्रबंध द्यायची शेवटची तारीख होती शनिवार. आणि ही बया सोमवारी छत्तीस घेऊन आली होती. माझ्या पन्नासशी अगदी छत्तीसचा आकडा.

“पुन्हा मोज,” मी म्हणाले.

“मॅडम, हे तिसऱ्यांदा आहे. तिन्ही वेळा तेवढंच येतंय.”

“मग चौथ्यांदा मोज. चौदा शतांशांचा फरक आहे, चिमूटभर नाही. चूक तुझ्याकडे आहे, शोधून काढ.”

तिनं काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी ते पाहिलं. पाहिलं आणि परत अर्जाच्या कागदांत डोकं घातलं.

दुपारी उगाचच प्रयोगशाळेपाशी चक्कर मारली. आमच्या मापनखोलीला दोन दारं आहेत, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत बारा महिने वीस अंश. एका वेळी दोनच माणसं, कारण तिसऱ्या माणसाच्या अंगाची ऊबही मापात उतरते. काचेतून अधिकउणे दिसत होती. स्वेटर घालून, हात मांडीखाली दाबून, पडद्याकडे बघत बसलेली. मी आत गेले नाही. मी आत गेले तर तापमान वाढेल, असं स्वतःला सांगितलं.

मंगळवारी बाराला ती आली. कागद टेबलावर ठेवला. एकोणपन्नास, अधिकउणे दोन.

खरं सांगते, माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. “बघ,” मी म्हणाले, “सापडली ना चूक? कुठे होती?”

“थर्मामीटरच्या दुरुस्तीत.”

“तरी मी म्हणतच होते. जा, प्रकरण छापायला घे.”

ती गेली. मी चहा मागवला. चहा येईपर्यंत, निव्वळ सवयीनं, तिच्या कागदावरून बोट फिरवत गेले. पाचव्या रकान्यात बोट थांबलं. दुरुस्ती: उणे सहा शतांश.

आमच्या थर्मामीटरसोबत, अजून तोच जुना आहे, तपासणीचा दाखला येतो. त्यात ‘दुरुस्ती’ असा रकाना असतो. दांडा आम्ही वीसवरून तीस अंशांपर्यंत तापवतो; तीस अंशाला दुरुस्ती अधिक सहा शतांश, असं लिहिलेलं असेल तर थर्मामीटर सहा शतांश कमी दाखवतोय, तेवढे मिळवून घ्या, एवढाच त्याचा अर्थ. काही दाखल्यांत ‘दुरुस्ती’ऐवजी ‘चूक’ असा रकाना असतो, तिथे चिन्ह उलटं होतं. चूक उणे असेल तर दुरुस्ती अधिक. पहिल्या वर्षाची मुलं यात हमखास आपटतात. पण ही मुलगी पहिल्या वर्षाची नव्हती, आणि आमच्या दाखल्यावर ‘दुरुस्ती’च लिहिलेलं आहे. मिळवायच्या जागी वजा केलं की दांडा खऱ्यापेक्षा कमी तापला असं दिसतं, दर अंशामागची वाढ जास्त निघते, आणि छत्तीसचा थेट पन्नासाला जाऊन भिडतो.

मी तिला परत बोलावलं.

“दाखल्यात काय आहे?”

“अधिक.”

“मग तू उणे का केलंस?”

मी आवाज चढवला. “एवढी वर्षं काय शिकवलं मी तुला? आकडा जुळवायला चिन्ह फिरवायचं? याला मोजणं म्हणतात?”

“तुमच्या वहीत तसंच आहे, मॅडम,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, तक्रारीचा नव्हता. “जुन्या नोंदींच्या कपाटात. पान त्रेचाळीस. आधी अधिक लिहिलंय, मग खोडून उणे केलंय. मला वाटलं, तुम्हाला काहीतरी माहीत असणार, जे मला अजून कळलेलं नाही.”

मी तिला जायला सांगितलं. ती गेल्यावर कपाटाची किल्ली घेतली आणि स्वतः खाली गेले. तळघरातल्या त्या खोलीत दिवा लावण्याआधी मी मागे वळून बघितलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

पान त्रेचाळीस. अक्षर माझंच. सगळं पान काळ्या शाईत, आणि एका अधिकवर निळ्या शाईची तिरकी रेघ, शेजारी निळा उणे. खाली काळ्या शाईत उत्तर होतं, छत्तीस. तेही खोडलेलं. त्याच्याखाली निळ्यात, पन्नास.

मला ते आठवत नव्हतं, हे कोणाला पटणार नाही. पण पान बघता बघता ती दुपार आठवली. छत्तीस आला होता. माझे गुरू, आम्ही त्यांना नुसतं ‘सर’च म्हणतो, त्यांनी त्याच धातूचा आकडा कधीच्या काळी काढून ठेवला होता, एक्कावन्न. सरांचा एक्कावन्न आणि माझा छत्तीस! माझंच काहीतरी चुकलंय याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मी चूक शोधायला लागले. शोधता शोधता दाखल्यापाशी आले आणि वाटलं, त्या लोकांनी ‘चूक’ लिहायच्या ऐवजी ‘दुरुस्ती’ लिहिलं असणार. चिन्ह फिरवलं. पन्नास आला. सरांच्या एक्कावन्नला जवळजवळ मिठीच. मी हुश्श केलं आणि शोधणं थांबवलं. दाखला देणाऱ्यांना एक फोन करून विचारायला पाच मिनिटं लागली असती. जुळलेल्या आकड्यासाठी कोण फोन करतं?

आयुष्यभर मी “पुन्हा मोज” म्हणत आले. पण मी ते कधी म्हणाले? आकडा जुळला नाही तेव्हाच. जुळलेला आकडा घेऊन आलेल्या एकाही पोराला मी कधी परत पाठवलेलं नाही. मला त्या तळघरात स्वतःची मनस्वी लाज वाटली.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो दंतवैद्य आहे, लोकांच्या तोंडातली कीड बघून बघून त्याला कशाचाच धक्का बसत नाही.

“म्हणजे तू लबाडी केलीस?”

“नाही. मला तेव्हा ते खरंच वाटलं होतं.”

“मग झालं तर. झाकली मूठ सव्वा लाखाची. गुरुवारी मुलाखत दे, शुक्रवारी सांग.”

“असं कसं?”

“असं कसं काय? दाढ आज काढली काय अन् उद्या काढली काय, दाढ तीच. अठरा वर्षं तो आकडा तिथे बसलाय, अजून एक दिवस बसला तर कोण मरतंय? तू शुक्रवारी प्रोफेसर म्हणून सांगितलंस तर लोक ऐकतील तरी. गुरुवारी सांगितलंस तर म्हणतील, ही बाई घाबरली.”

त्याचं चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. रात्रभर मी कूस बदलत ‘शुक्रवारी, शुक्रवारी’ घोकत राहिले. सकाळपर्यंत ते जवळजवळ पाठ झालं होतं.

बुधवारी दुपारी सरांकडे गेले. त्यांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. काकूंनी त्यांना मटार सोलायला बसवलं होतं आणि ते एकेक दाणा असा निरखत होते की काकू म्हणाल्या, “बघ ग बाई, शेरभर मटाराला दोन तास. हे मोजतायत की सोलतायत, देव जाणे.”

मी वही पुढे ठेवली. पान त्रेचाळीस. सरांनी चष्मा वर केला, खाली केला. मग विचारलं, “माझा आकडा काय होता?”

“एक्कावन्न.”

“आणि त्याचं शेपूट?”

मी वहीचं पान उलटलं; तिथे ते लिहिलेलंच नव्हतं.

“अधिकउणे पंधरा,” सर म्हणाले. “माझी साधनं तेव्हा काय होती? एक भिंग आणि दोन कंदील, एवढंच म्हणायचं बाकी. मी प्रामाणिकपणे पंधरा लिहिले होते. एक्कावन्नातून पंधरा गेले की किती राहतात ग?”

“छत्तीस.”

“तुझा छत्तीस माझ्या शेपटात बसत होता. काठावर का होईना, बसत होता. आपलं भांडण नव्हतंच कधी. तू माझं नाव वाचलंस, शेपूट वाचलं नाहीस.”

मला रडू फुटेल असं वाटलं, म्हणून मी मटाराच्या शेंगा ओढून घेतल्या आणि सोलायला लागले. सर म्हणाले, “तू पन्नास घेऊन आलीस ना, तेव्हा मी जरा खट्टू झालो होतो. मला वाटलं होतं, ही पोरगी माझा आकडा खाली आणेल. पण इतका नेमका जुळला म्हटल्यावर मीही विचारलं नाही. कोणाला आपलं बरोबर आलेलं नको असतं?”

“सर, उद्या मुलाखत आहे.”

“माहीत आहे.”

“काय करू?”

“ते मी सांगणार नाही,” ते म्हणाले. “माझ्याकडे बघून तू एकदा चिन्ह फिरवलंस, तेवढं पुरे झालं.”

गुरुवारी अकराला दहा कमी असताना मी कुलगुरूंच्या दालनाबाहेर बाकावर बसले. माझ्याआधीचा उमेदवार हसत बाहेर आला आणि मला “ऑल द बेस्ट, मॅडम” म्हणून गेला. मी ठरवलं होतं. शुक्रवार. नवऱ्याचं खरं होतं. एक दिवस.

आत लांब टेबल. पलीकडे पाच जण, मध्ये कुलगुरू. उजव्या टोकाला बाहेरून बोलावलेले तज्ज्ञ, मोठ्या मापनसंस्थेतले, किडकिडीत, समोर तीन पेन्सिली ओळीत लावलेल्या. त्यांना बघून मला जरा बरं वाटलं, आपल्यातलाच माणूस.

“तुमच्या सगळ्यात महत्त्वाच्या कामाबद्दल सांगा,” कुलगुरू म्हणाले.

मी सांगायला लागले. पाठ केलेलं होतं. धातू, दांडे, वीस अंशांची खोली. तीन वाक्यं झाली. चौथ्यात पन्नास येणार होता.

तेवढ्यात तज्ज्ञ कौतुकानं मध्येच बोलले. “माफ करा, पण एक सांगितलंच पाहिजे. आमच्याकडे मॅडमचा आकडा तीन वेगवेगळ्या जणांनी पडताळलाय. तिघांचाही जुळला. इतकं पक्कं काम मी फार कमी पाहिलंय.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. विभागप्रमुख माझ्याकडे बघून हसले. मला नुसतं “आभारी आहे” म्हणायचं होतं. ते ओठांवर आलंही होतं.

“पहिल्याच खेपेला जुळला?” मी विचारलं.

“छे, पहिल्याच खेपेला कुठलं काय जुळतं,” तज्ज्ञ हसले. “सुरुवातीला तिघांचाही थोडा कमी येत होता. मग चुका सापडल्या.”

“कमी म्हणजे किती?”

त्यांनी एक पेन्सिल उचलली. “असेल पस्तीस-चाळीसच्या दरम्यान. का हो?”

खोलीत पंखा होता, त्याचा आवाज मला एकदम मोठा वाटायला लागला. तीन माणसं. तिघांनी बरोबर मोजलं होतं, आणि तिघंही माझं नाव वाचून, आपापल्या कागदावर काहीतरी खोडून, माझ्यापाशी येऊन थांबले होते. आणि सोमवारपर्यंत एकच मुलगी तीन वेळा छत्तीस घेऊन ठामपणे उभी राहिली होती, तिला मी मंगळवारी वाकवलं होतं. शुक्रवार फार लांब होता. मला तो दिवस तिथपर्यंत रेटताच येईना.

“त्यांच्या चुका नव्हत्या,” मी म्हणाले. “माझी होती. पन्नास चुकीचा आहे. खरा आकडा छत्तीस, अधिकउणे दोन. मी अठरा वर्षांपूर्वी दुरुस्तीचं चिन्ह फिरवलं, कारण मला माझ्या सरांच्या आकड्याशी जुळायचं होतं. हे माझ्या विद्यार्थिनीनं शोधलंय, मी नाही.”

तज्ज्ञांनी पेन्सिल खाली ठेवली. ती ओळीत बसली नाही आणि त्यांनी ती सरळही केली नाही.

“हे तुम्हाला कधी कळलं?” कुलगुरूंनी विचारलं.

“मंगळवारी.”

“अर्ज तर तुमच्या सहीचा आहे. त्यात पहिल्या ओळीत...”

“हो. ती ओळ खोडा.”

कोणीतरी घसा खाकरला. कुलगुरू म्हणाले, “तुमचा प्रामाणिकपणा वाखाणण्याजोगा आहे.” हे वाक्य नोकरी न देणाऱ्यांच्या तोंडीच ऐकू येतं. शुक्रवारी दुपारी यादी लागली. माझ्याआधी हसत बाहेर आलेला उमेदवार प्रोफेसर झाला होता. नवऱ्यानं फोनवर एवढंच म्हटलं, “बरं. घरी ये. मी स्वयंपाक करतो.” त्याचा स्वयंपाक म्हणजे शिक्षाच, पण मला बरं वाटलं.

त्या दिवशी तरी, देवाशपथ, मला पदाचं फार वाटलं नाही. मला घाई होती ती अधिकउणेला सांगायची. तिचा छत्तीस आता तिच्याच नावानं जाणार होता. मी संदर्भपुस्तिकेच्या संपादकांना पत्र लिहिलं होतं, त्यात तिचं नाव आधी आणि माझं खाली. प्रबंधाला महिनाभराची मुदतवाढही मागून आणली होती. जिने चढताना मी पोरीसारखी दोन-दोन पायऱ्या चढले.

ती टेबलापाशी उभीच होती. मी एका दमात सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकलं. “थँक यू, मॅडम,” म्हणाली. पत्र दोनदा वाचलं, तिच्या नावावर बोट ठेवलं आणि किंचित हसलीही. मग पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

मार्गदर्शक बदलून मिळण्याचा अर्ज होता. खाली तिची सही, बुधवारची तारीख. माझ्या सहीची जागा कोरी.

“बुधवारचा आहे,” मी म्हणाले. “तेव्हा तुला माहीत नव्हतं मी काय करणार ते.”

“नव्हतं.”

“आता माहीत आहे.”

“हो, मॅडम. तुम्ही फार मोठं काम केलंत. मला तर जमलं नसतं.” पुढचं बोलायला तिला किती जड जातंय ते दिसत होतं. “मी रागावलेली नाहीये. पण माझं काय झालंय सांगू का? पडद्यावर आकडा आला ना, की मी तो वाचतच नाही आधी. तुमचा चेहरा आठवते. हा आकडा दाखवला तर मॅडमचा चेहरा कसा होईल, ते आधी बघते, आणि मग आकडा वाचते. कालसुद्धा, खोलीत एकटी असताना, तसंच झालं. असं असेल तर मी मोजणार कशी?”

मला पुष्कळ बोलता आलं असतं. मी बदलेन, म्हणता आलं असतं. एक महिनाच तर उरलाय, घाई करू नकोस, पुन्हा विचार कर, असंही. ती माझ्याकडे बघत उभी होती, उत्तराची वाट बघत.

मी कागद जवळ ओढला आणि मान अगदी खाली घालून सही केली, तिला माझा चेहरा दिसू नये म्हणून.